राईतला पातेरा

“वहिनी, औंदा रायेतलो पातेरो घेव नकात. देवान कौल देवक नाय,” तुळसा म्हणाली होती, आणि सुगंधा हसली होती. शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. सोमवार, मालवणच्या बाजाराचा दिवस. कसालच्या रस्त्याला पाच मैलांवर असलेल्या वेळकोंडहून तुळसा दर सोमवारी डोक्यावर पातेऱ्याचा भारा घेऊन यायची आणि मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीशी तो धपकन टाकायची. झाडांखाली गळून पडलेला, उन्हाने कडकडीत वाळलेला पाला. आठवडाभर त्याच्यावर न्हाणीतलं पाणी तापायचं. आंब्याचा पाला भडकन पेटतो नि भसकन विझतो, मागे नुसता धूर. पण वेळकोंडच्या देवराईतला किंजळ-ऐनाचा जाड पाला तासभर धुमसत राहतो, हंडा शेवटच्या तांब्यापर्यंत ऊन असतो. सुगंधाला राईतलाच पातेरा हवा असायचा. मुलगी शालन तीन वर्षांची, सदा सर्दीची; तिच्या डोक्यावर कोमट पाणी पडणार या नुसत्या विचाराने सुगंधाच्या अंगावर काटा यायचा. आणि ही बाई सांगत होती की राईत माकडं मरून पडताहेत, म्हणून गावाने देवाला विचारलं. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पडायची ती डावी पडली, म्हणजे यंदा राईत पाला गोळा करायला कुणी झाडू न्यायचा नाही. “माकडं पाण्यावाचून मरत असतील गं,” सुगंधा म्हणाली, “त्याने पाला कसा विटाळतो? तुझ्या देवाला सांग, मालवणच्या वहिनीला ऊन पाणी लागतं.” तुळसा तोंडाला पदर लावून हसली. “देवाक मी काय सांगतलंय? तुमीच येवन सांगा. तुमी शिकलेली माणसां, तुमचा ऐकात तो.” पुढच्या सोमवारी भारा आला तो राईतला होता. रुंद, तपकिरी, शिरा वर आलेली पानं. सुगंधाने एक पान हातात घेऊन चुरलं, त्याचा करकर आवाज ऐकला आणि तिला बरं वाटलं. आपलं बोलणं ऐकलं गेलं, एवढंच नव्हे. एका अडाणी बाईच्या डोक्यातली एक भीती आपण काढून टाकली, असंही तिला त्या वेळी वाटलं होतं.

ते हसणं आता दुपारच्या उन्हात परत येत होतं. शनिवार, तीस एप्रिल. ट्रंक अर्धी भरून पडली होती. शालनचे झबले-परकर एका बाजूला, सुगंधाच्या आईसाठी घेतलेलं लुगडं दुसऱ्या बाजूला. उद्या सकाळच्या गाडीने मिठबावला माहेरी जायचं, महिनाभर राहायचं, असं नवऱ्याने, गुरुदासने, ठरवलं होतं. तो शाळेत गेला होता. उद्यापासून महाराष्ट्र राज्य सुरू होणार म्हणून शाळेच्या पटांगणात मुलांकडून कवायत करून घेत होता, आणि कुणीतरी मघापासून लाउडस्पीकरमध्ये “हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन” असं मोजत होतं. सुगंधाही मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. सोमवारपासून आज पाचवा दिवस. शालन चटईवर झोपली होती, तोंड उघडं, कपाळावर घामाचे बारीक थेंब. घाम आहे म्हणजे ताप नाही. की ताप उतरताना येतो तो घाम? सुगंधाने हाताची पालथी बाजू पोरीच्या मानेला लावली. सकाळपासून ही कितवी वेळ ते तिने मोजलं नव्हतं. मग तिने तोच हात आपल्या गळ्याला लावून पाहिला, आणि दोन्हींत फरक आहे की नाही हे तिला नेहमीप्रमाणे ठरवता येईना. तेव्हा तिने झोपलेल्या मुलीचा उजवा कान हळूच पुढे दुमडला. मागे, जिथे केस सुरू होतात तिथे, एक लाल टिपका होता. सोमवारी त्या जागी दुसरं काहीतरी होतं.

सोमवारी तुळसा दोन आठवड्यांच्या खंडानंतर आली होती. दोन सोमवार ती आली नव्हती, कारण ती तापाने पडली होती. सुगंधाला ते माहीत होतं, नुसतं ऐकून नव्हे, डोळ्यांनी पाहून माहीत होतं. ती स्वतः वेळकोंडला जाऊन आली होती. म्हणून त्या दिवशी मागच्या दगडी गडग्याच्या वाटेवर भारा हलताना दिसला तेव्हा तिच्या तोंडून “अगं बाई!” असं आनंदाने निघालं. भारा लहान होता. त्याच्याखाली तुळसाही लहान झाली होती; गालांची हाडं वर आली होती, चोळी खांद्यावरून उतरत होती. “बरी झालंय वहिनी,” ती म्हणाली. “मरणान बघल्यान आणि म्हणाला, ह्या म्हातारेक घेवन काय करू? तशाच फिरान गेला.” शालन नेहमीसारखी धावत येऊन पाल्यात बसली होती आणि मुठी भरभरून पानं उडवत होती. सुगंधाने तांब्या-भांडं आणून तुळसाच्या हातात दिलं. तुळसाने भांडं उंच धरून वरून धार तोंडात सोडली, आणि धार चुकली. पाणी हनुवटीवर पडलं, गळ्यावरून चोळीत गेलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा चुकली. भांडं तांब्याला लागून किणकिणत होतं. “बघा हात कसो झालो तो,” तुळसा हसून म्हणाली, “लाजता माझो हात, तुमच्या दारात पाणी पिवक.” सुगंधाने ते पाहिलं. ते किणकिणणं तिने ऐकलं. पण त्याच क्षणी शालन कान खाजवत जवळ आली होती, “आई, इथे चावतं,” आणि सुगंधाने तिचा कान दुमडला होता.

तीळ आहे असं पहिल्यांदा वाटलं. शालनला तिथे तीळ नव्हता. शालनच्या अंगावर कुठे कुठे तीळ आहेत हे सुगंधाला मिटल्या डोळ्यांनी सांगता आलं असतं: डाव्या पोटरीवर एक, बेंबीच्या वर एक, पाठीवर जुळे दोन. तिने नख लावलं. तीळ हलला नाही, त्याचे पाय हलले. त्यानंतरचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खोबरेलाची बाटली, शालनचं किंचाळणं, नखांच्या चिमटीत आलेला तो टणक दाणा, रक्ताचा एक थेंब. मग तिने चुलीतलं पेटतं लाकूड आणून अख्खा भारा अंगणातच पेटवला. “किती वेळा सांगितलं, राईतला नको म्हणून!” ती ओरडली. हे तिने एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते उलट. तुळसा दोन पावलं मागे सरली. ज्वाळा भडकन वर गेल्या नि भसकन खाली बसल्या. “रायेतलो न्हय तो वहिनी,” ती हळूच म्हणाली, “दारातल्या आंब्याखालचो. मी रायेत जातंय खंय आता?” धूर डोळ्यांत जात होता. आंब्याचाच होता, हे त्या धुरावरूनच कळत होतं. तरी सुगंधाचं तोंड थांबलं नाही. “तू येऊ नकोस आता इथे. माझं लहान मूल आहे घरात.” तुळसाने शालनकडे पाहिलं, हात पुढे करायला गेली आणि मध्येच तो मागे घेतला. “आसा ता खरा आसा,” ती म्हणाली, आणि वाटेला लागली. भारा बांधायचा तिचा सुंभ न्हाणीच्या भिंतीशी तसाच राहिला होता. अजून आहे. काथ्याचा, हातांनी घासून घासून काळा गुळगुळीत झालेला, टोकाला गाठ मारलेला.

गोचीड. गुरुदासच्या शाळेतलं भिंग आणून तिने बामाच्या रिकाम्या बाटलीतल्या त्या दाण्याचे पाय मोजले. आठ. कोल्हापूरला इंटर सायन्सला असताना प्राण्यांच्या वर्गीकरणाची वही तिची सगळ्यांत नीटनेटकी होती; गोचीड हा कीटक नव्हे, तो कोळ्याच्या जातीतला, आठ पायांचा, रक्तावर जगणारा, हे तिने निळ्या शाईने लिहून खाली लाल रेघ मारली होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही. पुढे लग्न झालं, वही माहेरच्या माळ्यावर गेली. ती वही आपल्याला पुन्हा कधी आठवेल, आणि ती अशी आठवेल, असं तिला वाटलं नव्हतं. गोचीड कुणाला लागते, तर गुरांना, कुत्र्यांना. लहानपणी मिठबावला वडील बैलाच्या कानातून गोचिड्या काढून रॉकेलच्या करवंटीत टाकायचे आणि ती शेजारी बसून बघायची. कुणाला कधी काही झालं नव्हतं. मग या वर्षी वेळकोंडला काय झालं होतं?

ते तिला हरिश्चंद्राने सांगितलं होतं, थोडं थोडं करून. हरिश्चंद्र म्हणजे गुरुदासच्या शाळेतला शिपाई, वेळकोंडचाच. गुरुदासचा डबा न्यायला यायचा आणि पायरीवर बसून विडी ओढता ओढता गावची बातमी द्यायचा. मार्चच्या तीन तारखेला राईच्या तोंडाशी एक मोठं वानर मरून पडलेलं सापडलं. मेलेलं वानर तसंच टाकून कसं चालेल? मारुतीच तो. हौसाबाई नावाच्या म्हातारीने त्याला कढत पाण्याने आंघोळ घातली, हळद-कुंकू लावलं. तुळसाचा दीर बाबली पुढे झाला. तिरडी कशाला, मी खांद्यावरनं नेतो म्हणाला, आणि टाळ-मृदंग लावून त्याने ते वानर खांद्यावर घेऊन सगळ्या वाडीतून मिरवलं, मग पुरलं. “काय भजन झाला म्हणून सांगू, वहिनी,” हरिश्चंद्र म्हणाला होता, “माणूस मेलो तरी तसा करणत नाय आमच्या गावात.” सहाव्या दिवशी बाबली तापला. दोन दिवसांनी हौसाबाई. डोळे लाल, कंबर मोडल्यासारखी, हिरड्यांतून रक्त. मग हौसाबाईची सून सीता, जी राईत चरून आलेली गुरं संध्याकाळी गोठ्यात बांधायची. मग आणखी तिघं. मग तुळसा. सुगंधाने हे सगळं शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. नाव, ताप कधी आला, कधी उतरला, त्याआधी आठ दिवसांत कुठे गेलं होतं. गुरुदास म्हणाला, “आता हजेरीपट पण भर त्यांचा.” तो चेष्टेत म्हणाला, पण सुगंधाला खरंच तसं वाटत होतं: ती नावं रोज हाका मारल्यासारखी वाचायची, आणि कोण हजर नाही ते पाहायची.

रकाने भरत गेले तसं तिला दिसू लागलं. एके दुपारी फडताळाच्या खणात घातलेला तीन वर्षांपूर्वीचा वर्तमानपत्राचा कागद बदलताना तिने एक लहानशी बातमी वाचली: म्हैसूर राज्यातल्या कुठल्याशा जंगलात माकडं मरत होती, आसपासच्या गावांत ताप होता, गोचिड्यांचा संशय होता. एवढंच. पुढचा मजकूर डब्याच्या बुडाच्या गंजाने खाल्ला होता. त्या कागदावर तिने तीन वर्षं हळदीची बरणी ठेवली होती. तिने नावांचा कागद शेजारी आणून ठेवला. वानराचं अंग थंड झालं की त्याच्यावरच्या गोचिड्या उतरतात, ऊब शोधत जवळच्या अंगावर चढतात. आणि बाबली त्याला मानेशी धरून सगळ्या वाडीतून हिंडला होता. देवाने कौल नाकारला म्हणून राईत कुणी झाडू नेला नव्हता, त्यामुळे किती जण वाचले असतील कोण जाणे. एकटी तुळसा राईत शिरली होती. दर रविवारी, वाकून, हातांनी पाला ओढत, छातीशी कवळत. मालवणच्या वहिनीला ऊन पाणी लागतं म्हणून.

ती डॉक्टरांकडे गेली, तो नावांचा कागद घेऊन. गावातले डॉक्टर वयस्कर, सभ्य; गुरुदासला ओळखणारे. त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला. “हिवताप आहे, बाई. नाहीतर नवज्वर.” “पण रक्ताच्या काचेत हिवतापाचं काही सापडलं नाही म्हणतात.” “सापडेल. नाही सापडलं तर दुसऱ्या वेळी सापडेल.” ती गोचिडीबद्दल बोलली, वर्तमानपत्राबद्दल बोलली. ते हसले. वाईट नव्हे, मायेने हसले, आणि ते हसणं तिने लगेच ओळखलं. शिवरात्रीनंतर मागच्या अंगणात ती स्वतः तसंच हसली होती. “इंटर सायन्सपर्यंत शिकलात ना? त्यापुढे थोडं शिकायचं राहिलंय अजून,” डॉक्टर म्हणाले. “माकडाचा ताप माणसाला व्हायला लागला, तर उद्या म्हशीची शिंगंही येतील.” बाहेर बसलेले दोघे-तिघे हसले. तिने वरच्या ऑफिसात पत्र लिहिलं, मग आणखी एक. दुसऱ्याला उत्तर आलं: सदर गावी हिवतापाची फवारणी पूर्ण झालेली आहे. खाली सही, शिक्का. घरांच्या भिंतींवर फवारे मारले होते हे खरंच होतं. राईला भिंती नव्हत्या.

चौदा एप्रिलला, तुळसाच्या तापाच्या सहाव्या दिवशी, ती हरिश्चंद्राबरोबर वेळकोंडला गेली. शालनला शेजारी ठेवून. वाटेत विहिरीवर बायका होत्या, त्या तिला पाहून बोलायच्या थांबल्या. एकीने हरिश्चंद्राला विचारलं, “खंय नेतस रे तेंका? त्या घरात?” त्या घरात, म्हणजे तुळसाच्या. तेव्हा तिला कळलं की गावाने आपला निष्कर्ष केव्हाच काढला होता. देवाने नको म्हटलं असताना तुळसा राईत गेली, म्हणून ताप आला. बाबलीने वानर खांद्यावर घेतलं ते तुळसा राईत जाण्याच्या आधी, तारखा सुगंधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या होत्या. तिने त्या काढून विहिरीच्या काठावर वाचून दाखवल्या असत्या तर? ती काढू शकली नाही. कारण मग पुढचं वाक्य असं झालं असतं की राईत तिला मी पाठवलं. तुळसा ओटीवरच्या चटईवर पडली होती, डोळे टोमॅटोसारखे लाल. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, दिराच्या घराचा दरवाजा बाबलीच्या मागे बंद. उशाशी पेजेचं टोप झाकून ठेवलेलं, त्यावर मुंग्यांची रांग. “तुमी कित्याक इलात?” ती पुटपुटली. “हंय बसा नकात. चेडवाक घेवन इलात काय? शालनाक घरीच ठेवलात? मगे बरा केलात.” सुगंधाने तिला चमच्याने पाणी पाजलं, सात-आठ चमचे. “कुणी येतं का गं इकडे?” तिने विचारलं. “येतत तर! कोंबडी येतत, कावळे येतत,” तुळसा म्हणाली, आणि हसायला गेली तेव्हा तिच्या दातांवर रक्त दिसलं.

घरी आल्यावर सुगंधाने अंगावरचं लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं, केस विंचरून विंचरून टाळू लाल केली. गुरुदासने पाहिलं आणि तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. तिचा हात धरून त्याने तो शालनच्या डोक्यावर ठेवला. “म्हण, मी तिकडे पुन्हा जाणार नाही.” ती म्हणाली. शालन आईच्या हाताखाली मान हलवत होती, तिला तो खेळ वाटला, “मी पण, मी पण” म्हणत होती. ती शपथ सुगंधाला त्या वेळी सुटका वाटली होती. आता ती मोडता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर मोडावीशी वाटत नाही, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. सोमवारपासून तिच्या डोक्यात शालनचा कान आहे. पाच दिवस ती कान, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या तपासते आहे. शालन आता स्वतःच कान पुढे करते, “बघ” म्हणते. आणि या पाच दिवसांत कागदावरचा तुळसाच्या नावापुढचा रकाना सुगंधाने वाचायचं टाळलं होतं. आज ट्रंकेत लुगडी ठेवताना घडी केलेला कागद निघाला, आणि तिने तो उलगडला.

हिशेब लहान होता. सात जणांना ताप. आठ-नऊ दिवसांनी सगळ्यांचाच उतरला. सगळे उठले, हिंडू-फिरू लागले, “बरो झालंय” म्हणाले. त्यांतल्या चौघांना पुन्हा काही झालं नाही, असं तिने लिहून ठेवलं होतं, आणि त्या चौघांत तिने तुळसाला धरलं होतं. इतक्या लवकर. बाकीचे तिघे: बाबली पहिल्या तापापासून एकविसाव्या दिवशी पुन्हा पडला, मान ताठ, बरळणं, हात असे थरथरत की विडी ओठांना लागेना. चार दिवसांत गेला. हौसाबाई बाविसाव्या दिवशी पडली. तिचा हात देवाला दिवा लावताना हलायचा म्हणून घरातली माणसं हसायची. तीही गेली. सीता विसाव्या दिवशी पडली आणि वाचली. डॉक्टर तिच्याकडेही नव्हता, औषध तेच होतं. पण तिची आई कुणकेश्वरहून आली होती आणि बारा दिवस तिच्या उशाशी बसून होती. हलणारं डोकं मांडीवर धरून चमचा चमचा पाणी, चमचा चमचा पेज. हौसाबाई पडली तेव्हा सून स्वतःच अंथरुणावर होती. बाबली एकटा होता. त्याला पालथा पडलेला दुसऱ्या दिवशी पाहिलं. कागदावर एवढाच फरक होता. तुळसाला ताप आला एप्रिलच्या नऊ तारखेला. सुगंधाने बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून मोजलं. आज बाविसावा दिवस. आणि सोमवारी, सतराव्या दिवशी, भांडं तांब्याला लागून किणकिणत होतं.

तिने ऐकलं होतं. हेच तिला आता पुन्हा पुन्हा ऐकू येतं. लाउडस्पीकरवाला थांबला होता. घरात फक्त शालनचा श्वास, आणि तरी ते किणकिणणं कुठूनतरी येत होतं. संध्याकाळी गुरुदास आला, घामेजलेला, खुशीत. ती म्हणाली, “अहो, उद्या तुम्ही एकदा वेळकोंडला जाऊन याल?” “उद्या?” तो म्हणाला, “उद्या झेंडावंदन आहे. आणि तुम्हाला गाडीत बसवायचं आहे.” “परवा?” “बघू.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो मवाळ झाला. “ती बरी झाली ना? चालत पाच मैल आली ती. तूच सांगितलंस.” हे बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच त्यावर बोलता येत नव्हतं. हरिश्चंद्राची सुट्टी लागली होती, गुरुवारी जाताना त्याला तिने विचारलं होतं, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला होता, “ता बरा आसा, वहिनी. म्हणजे, असतला. मी त्या घराकडे जाणंय नाय. घरातली माणसां ऱ्हवाक देवची नाय माका.” तो वाईट माणूस नाही. त्यालाही मुलं आहेत. सगळ्यांनाच मुलं आहेत, आणि मुलं असलेली सगळी माणसं आपापल्या उंबऱ्याच्या आत उभी आहेत, आणि मध्ये ती ओटी आहे, मुंग्यांची रांग लागलेलं टोप आहे. सुगंधाही आत उभी आहे. उद्या ती मिठबावच्या गाडीत बसेल, शालनला मांडीवर घेऊन, खिडकीच्या बाजूला, आणि स्टँडवर शेजारीच कसालची गाडी उभी असेल. तिच्या पायऱ्या तिला दिसतील. ती त्या पायऱ्या चढणार नाही हे तिला आताच ठाऊक आहे.

ती मागच्या अंगणात गेली. जळलेल्या पाल्याचं काळं वर्तुळ अजून तिथे होतं. सुंभ उचलताना तिने आधी तो काठीने उलटापालटा केला, उजेडात धरून पाहिला, झटकला. मग तसं केल्याची लाज वाटून तो दोन्ही हातांनी घेतला आणि गुंडाळून त्याचं वेटोळं केलं. त्याला पाल्याचा वास होता, आणि आत कुठेतरी माणसाच्या घामाचा. मग ती पायरीवर बसली. नावांचा कागद तिने उलटा केला. छापील बाजूवर प्रश्न होते, भूगोलाचे, आणि समासात जागा होती. कुणाला लिहायचं हे तिला ठरवता येईना. डॉक्टरांना लिहून झालं होतं, ऑफिसात लिहून झालं होतं. वर नाव न घालताच तिने सुरुवात केली. उद्या स्टँडवर कसालच्या गाडीत जो कुणी बसलेला असेल, ज्याचा चेहरा जरा बरा वाटेल, त्याच्या हातात हा कागद आणि हा सुंभ द्यायचा. तो घेईल, न घेईल. घेतला तर वाचेल, न वाचेल.

‘तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही,’ तिने लिहिलं. ‘कसालच्या रस्त्याने जात असाल तर वेळकोंडच्या फाट्यावर उतरा. राईत जाऊ नका, राई उजव्या हाताला ठेवा. विहिरीवर तुळसाचं घर विचाराल तर बायका गप्प होतील. ज्या घराकडे त्या बघणार नाहीत तेच तिचं. दारात एकच आंबा आहे. देवाच्या कौलामुळे ताप आला नाही, आणि तिच्यामुळेही नाही. तिला राईत मी पाठवलं, हे कुणी विचारलं तर सांगा. ती ओटीवर असेल. बरी आहे म्हणेल, हसेल, तुमची चेष्टाही करील. त्यावर जाऊ नका. मी गेले होते. माझ्या मुलीच्या कानामागे गोचीड निघाली म्हणून मी येऊ शकत नाही. येणार नाही, असं लिहायला हवं. तिला सांगा, मालवणच्या वहिनीने सुंभ परत पाठवला आहे, आणि तो तिच्या हातात द्या. घ्यायला ती हात पुढे करील. तो हात नीट बघा. थरथरत असेल तर लगेच निघू नका, जवळ बसा, पाणी पाजा, चमच्याने. आणि हाक मारूनही ती पुढे आलीच नाही, तर आत जाऊन बघा.’